वेखंड उशाशी असू दे, जिभेवर नको

अगं, तू काल पाठवलेला फोटो रात्री निवांतपणे मोठा करून पाहिला. डोहाळजेवणात ओटीबरोबर मिळालेली टोपली. झबली, टोपडी, कुंची, काळ्या मण्यांच्या मनगट्या, आणि या सगळ्याखाली एक खाकी पुडी नि एक प्लास्टिकचा डबा. पुडीत वेखंडाची पूड आणि डब्यात बाळगुटीचं सामान, हे तू खाली लिहिलेलं वाचायच्या आधीच मी ओळखलं. तू विचारलंयस, 'ताई, हे कधी सुरू करायचं? आजेसासूबाई म्हणतात, दहाव्या दिवसापासून.' फोनवर बोलता आलं असतं, पण तुझा फोन स्पीकरवर असतो आणि शेजारी आजेसासूबाई बसलेल्या असतात. म्हणून लिहिते. एकटी असशील तेव्हा वाच.

आधी एक सांगून टाकते. वेखंड मला नकोसं नाही. माझ्या कपाटातल्या प्रत्येक कप्प्यात त्याचा एकेक तुकडा आहे. आपल्या गावच्या घरामागे न्हाणीचं पाणी पन्हळीतून जिथे पडायचं तिथे आजीनं अळू लावलं होतं, आणि अळवाच्या पलीकडे वेखंड. तू फार लहान होतीस, तुला ते गवतच वाटायचं. कमरेला लागतील अशी उंच, तलवारीसारखी पानं, मधोमध उठून दिसणारी शीर, आणि पानाची एक कड जराशी चुणी पडल्यासारखी. पान हातावर चोळलं की संत्र्याची साल, कापूर आणि ओली माती यांचा मिळून एक वास यायचा. आपण मूळ म्हणून जे आणतो ते खरं तर मूळ नव्हे, चिखलात आडवं सरपटत जाणारं खोड आहे, आल्या-हळदीसारखं. पण ते आल्याच्या गणगोतातलं नाही. भात, केळ, कांदा, ताड या सगळ्या एकदल वनस्पतींचा जो मोठा वंश आहे, त्यातून सगळ्यात आधी वेगळी झालेली फांदी वेखंडाची. एवढं जुनं घराणं आपल्या न्हाणीच्या पाण्यावर गुमान वाढत होतं.

पावसाळा सरला की आजी कांडं उपटायची, धुवायची, दोन-दोन बोटांचे तुकडे करून सावलीत वाळवायची. उन्हात कधी नाही. उन्हात वाळवलं की वास उडतो, म्हणायची. वाळलेलं वेखंड हलकं होतं, वरून तपकिरी, अंगावर कड्या आणि केसासारखे तंतू. मोडलं की आत गुलाबीसर पांढरं, भुसभुशीत. हे ध्यानात ठेव, कारण पूड विकत घेतलीस तर त्यातलं काहीच दिसत नाही. घ्यायचंच तर अख्खं कांड घ्यावं, मोडून आणि हुंगून.

आजीच्या शालूच्या घडीत वेखंड, आजोबांच्या पोथ्यांच्या बासनात वेखंड, गोधड्यांच्या पेटीत वेखंड. आणि ही काही आपल्या आजीचीच युक्ती नव्हे. तंजावरला सरस्वती महाल ग्रंथालय आहे. आपल्या भोसल्यांच्या घराण्यातल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी ते जिवापाड वाढवलं, आणि तिथे मराठी हस्तलिखितं आणि मोडी कागदही आहेत. त्या पोथ्यांना कसर लागू नये म्हणून वेखंड, काळं जिरं, लवंग, मिरी, दालचिनी यांची पूड आणि कापूर पातळ कापडाच्या पुरचुंडीत बांधून ठेवायची तिथली जुनी रीत. त्या पुरचुंडीचा विचार आला की मला आजीची पेटी उघडल्यासारखं होतं.

आता नीट ऐक. कसर का लागत नाही? वेखंडाच्या तेलात बीटा-असारोन नावाचं द्रव्य असतं. किड्यांना ते सोसत नाही. काही कीटकांच्या माद्यांची तर अंडी धरायची ताकदच त्यानं जाते. जगात सगळीकडचं वेखंड या बाबतीत सारखं नाही. अमेरिकेतल्या त्याच्या भावंडात हे द्रव्य जवळजवळ नसतंच, युरोपातल्यात थोडं असतं. आपल्याकडच्या वेखंडात मात्र ते पुष्कळ, कित्येकदा तेलाच्या निम्म्याहून जास्त. प्रयोगशाळेत उंदरांना हे तेल खाऊ घातल्यावर त्यांच्या आतड्यात गाठी झाल्या, आणि 1968 मध्ये अमेरिकेनं वेखंड खाण्याच्या पदार्थांत घालायला बंदी केली. ती बंदी आजही आहे. पोथी राखायला जे द्रव्य इतकं कामाचं, तेच आपण दहा दिवसांच्या जिवाच्या जिभेवर उगाळून लावतो. हे मला कळलं तेव्हा मी थोरल्याची आई होऊन चुकले होते.

थोरल्याच्या वेळचं तुला घरात कोणी सांगितलं नाही. तू तेव्हा शाळेत होतीस. तो सव्वा महिन्याचा होता आणि संध्याकाळ झाली की कळवळून रडायचा. गुटी चालू होतीच. सहाणेवर आईच्या दुधात मुरुडशेंग, जायफळ, हळकुंड, हिरडा, डिकेमली, काकडशिंगी, खारीक, बदाम, सुंठ आणि वेखंड, प्रत्येकाचा एकेक वेढा. त्या दिवशी घरी आलेल्या एका नात्यातल्या बाईंनी 'पोट धरलंय गं याचं' म्हणून वेखंडाचे आठ-दहा वेढे उगाळले आणि वर मधाचं बोट चाटवलं. मायेनं केलं, हेही सांगते. तासाभरात त्याला उलटी झाली. मग दुसरी, तिसरी. पाचवीनंतर तो रडायचाही थांबला. अंगावर घेईना, डोळे उघडेना. रिक्षात मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसले होते, श्वास लागतोय का पाहायला. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, 'काय चाटवलं?' आणि मला गुटीत काय काय असतं ते धड सांगता येईना. कोणतं किती, हे तर नाहीच. दोन दिवस सलाईनवर होता. आता बारावीत आहे, धडधाकट आहे, पण तो रिक्षातला रस्ता अजून माझ्या स्वप्नात येतो.

नंतर एका वैद्यांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, पंचकर्मात रुग्णाला वमन, म्हणजे मुद्दाम उलटी करवायची असते, तेव्हा आम्ही मदनफळ, वेखंड, सैंधव आणि मध हेच मिश्रण देतो. मी त्यांच्याकडे बघतच राहिले. वेखंड आणि मध. आमच्या घरात त्या दिवशी दुसरं काय झालं होतं? मोठ्या माणसाला, पूर्वतयारी करून, वैद्यासमोर बसवून जे द्यायचं, ते आम्ही सव्वा महिन्याच्या बाळाला अंदाजानं दिलं.

तेव्हा 'आपल्या पूर्वजांना कळत नव्हतं का' असं कोणी म्हणालं तर तू म्हण, कळत होतं, म्हणून तर त्यांनी इतके नियम घातले. आयुर्वेदात वेखंडाला वचा म्हणतात, उग्रगंधा म्हणतात. औषधात घालण्याआधी त्याचं शोधन सांगितलंय: गोमूत्रात शिजवायचं, मग मुंडीच्या काढ्यात, मग पंचपल्लवांच्या काढ्यात, शेवटी सुगंधी पाण्याची वाफ. सारस्वतारिष्टात वेखंड असतं, पण ते वैद्यानं वय आणि प्रकृती पाहून, ठरावीक मात्रेत द्यायचं. तुझ्या त्या खाकी पुडीतलं वेखंड कुठल्या काढ्यात शिजलंय? कोणी दळलंय, कधी दळलंय, त्यात आणखी काय दळलं गेलंय? पूर्वजांची अर्धी गोष्ट उचलायची आणि अर्धी सोडून द्यायची, हा त्यांचा मान नव्हे.

वचा या नावामागे बोलणं आहे. वेखंड चाटवलं की मूल लवकर आणि स्पष्ट बोलतं, ही समजूत आपल्याकडेच नाही, सगळ्या दक्षिणेत आहे. कन्नडमध्ये त्याला बजे म्हणतात, तमिळमध्ये वसंबू. तमिळ घरांत त्याला पिळ्ळै मरुंदु, म्हणजे बाळाचं औषध असंही म्हणतात, आणि काही ठिकाणी तर त्याचं नावच घेत नाहीत, 'नाव न घ्यायची वस्तू' म्हणतात. बाळाच्या मनगटात वेखंडाच्या चकत्यांची वळी घालतात. मला या सगळ्या बायकांच्या मायेपुढे हात जोडावेसे वाटतात. पण बोलण्याचं म्हणशील तर तुला ताई म्हणून सांगते, जन्मल्यावर पहिल्या महिन्यातच बाळाच्या कानांची तपासणी करून घे. मोठ्या रुग्णालयांत ती करतात. नसतील करत तर मागून घे. आणि दीड वर्षापर्यंत एकही शब्द आला नाही तर 'आमच्याकडे सगळे उशिराच बोलतात' म्हणून थांबू नकोस. ज्या मुलाला ऐकू येत नाही त्याच्या जिभेला वेखंड लावून काय होणार? वर्ष हातचं जातं.

मधाचंही सांगूनच टाकते. वर्षाच्या आत मधाचं बोटही नाही. मधात एका जिवाणूचे बीजाणू असू शकतात. आपल्या पोटात ते काही करत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. सोन्याच्या अंगठीनं चाटवलं म्हणून मध बदलत नाही. आणि पहिले सहा महिने फक्त तुझं दूध. पाणीसुद्धा नाही. मे महिना असला तरी नाही, दुधात पाणी असतंच.

धुरीवरून मात्र तुझी कसोटी लागणार आहे, कारण धुरी सगळ्यांना आवडते. मलाही आवडते. शेगडीतल्या निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, लसणीची सालं, धूप आणि चिमूटभर वेखंड पडलं की घरात बाळंतिणीचा म्हणून जो वास भरतो, त्याला तोड नाही. पण तान्ह्याची फुप्फुसं ती केवढी! आणि थंडी लागेल म्हणून आपण दारं-खिडक्या घट्ट लावून घेतो. बंद खोलीत निखारे असले की कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि धुरीच्या वासात तर काहीच कळत नाही. बाळाच्या खोलीत शेगडी नको, पाळण्याखाली तर नकोच नको. तुझे केस वाळवायला धुरी घ्यायची असेल तर मागच्या गॅलरीत, उघड्यावर, बाळ आत असताना घे. हौस होईल आणि घरात वासही येईल.

टाळूवर पूड भरायची रीत आहे, न्हाणं झालं की. टाळू ओली राहिली तर सर्दी होते असं म्हणतात. मऊ पंचानं हलक्या हातानं टिपून घे, तेवढं पुरतं. पूड कुठलीही असो, वेखंडाची असो की डब्यातली सुगंधी, ती उडते आणि बाळाच्या नाका-तोंडात जाते. शिवाय हात तोंडात घालायच्या वयात अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. मनगटात चकत्यांची वळीही म्हणूनच नको. दोरा तुटला तर चकती सरळ घशात.

इतकं वाचून तू म्हणशील, मग राहिलं काय? पुष्कळ राहिलं गं. वेखंडाचं एक कांड ठेचून मलमलीच्या फडक्यात बांध आणि पाळण्यापासून हातभर दूर, बाळाच्या हाताला येणार नाही असं खुंटीला अडकव. बाळाच्या कपड्यांच्या कप्प्यात एक पुरचुंडी, दुपट्यांच्या घडीत एक. डांबराच्या गोळ्या मात्र घरात आणू नकोस, तान्ह्याच्या कपड्यांत तर अजिबात नको. त्यातल्या नॅफ्थलीननं काही बाळांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात आणि कावीळ चढते. इथे आजीचं वेखंड दुकानातल्या गोळीपेक्षा शंभर पटीनं बरं, हे मी छातीठोकपणे सांगेन. सासूबाईंचे गुडघे दुखतात ना? वेखंड आणि सुंठ सहाणेवर उगाळून कोमट लेप घालून बघायला सांग, आधी मनगटावर लावून पाहून. आग झाली तर लगेच धुवायचा. आपल्या आईच्या खांद्याला त्यानं आराम पडतो. मोठ्या मुलींच्या केसांत उवा झाल्या की आजी वेखंड उगाळून रात्री लावायची आणि सकाळी शिकेकाईनं न्हायला घालायची. माझ्या धाकटीला मी दोनदा तसं केलं, डोळ्यांत जाऊ न देता. तू स्वतः मात्र आत्ता आणि अंगावर पाजत असेपर्यंत वेखंड पोटात घेऊ नकोस. काढ्यातून नाही, चूर्णातून नाही, 'दुधासाठी चांगलं' म्हणून कोणी लाडवात घातलं तरी नाही. डिंक, अळीव, मेथी, खसखस आहे की लाडवाला.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. आजेसासूबाई.

त्यांनी सहा मुलं वाढवली आहेत आणि प्रत्येकाला गुटी दिली आहे. त्यांना 'हे विष आहे' असं म्हणू नकोस. एक तर त्यांना ते खरं वाटणार नाही, आणि खरं वाटलं तर त्याहून वाईट. सहा मुलांना आपण काय दिलं, या विचारानं त्या म्हातारीची झोप उडेल. माझं पहिल्यांदा इथेच चुकलं. दवाखान्यातून आल्यावर मी घरात जे बोलले, त्यानंतर गुटी उगाळणारी सगळी मंडळी वर्षभर माझ्या मुलाला हात लावायला बिचकत होती. मूल सांभाळायला जे हात हवे होते तेच मी दूर केले.

तू तसं करू नकोस. त्यांना काम दे, भरपूर दे. तेल लावून पायांवर घेऊन न्हायला घालणं त्यांच्याइतकं तुला-मला जन्मात जमणार नाही, ते त्यांच्याच हातचं असू दे. सहाण त्यांच्यापुढेच ठेव, त्यावर सासूबाईंच्या गुडघ्यांचा लेप उगाळू दे. पुरचुंड्या त्यांना बांधायला दे. टोपलीतली ती पूड त्यांच्याच हातानं पुरचुंड्यांत जाऊ दे, म्हणजे वाया गेली असंही वाटायचं नाही आणि पुडीत उरायचीही नाही. गुटीचं मात्र तू बोलू नकोस, नवऱ्याला बोलायला लाव. नातवानं सांगितलेलं आजीला टोचत नाही. त्यानं बाळाच्या पहिल्या तपासणीला आजीला बरोबर न्यावं आणि डॉक्टरांनाच विचारावं, 'आमच्याकडे गुटी देतात, चालेल का?' उत्तर आजीनं स्वतःच्या कानांनी ऐकलेलं बरं. हे बाळ यायच्या आधी ठरव. बाळंतपणाच्या चौथ्या दिवशी, टाके दुखत असताना, झोप नसताना वाद घालायची ताकद नसते, आणि तेव्हाच सगळे जण सगळं चाटवायला येतात.

आणि एवढं करूनही कोणी तुझ्या नकळत काही चाटवलं, तर भांडत बसू नकोस. बाळ उलट्या करत असेल, सुस्त पडलं असेल, प्यायला तोंड उघडत नसेल, तर तडक दवाखाना गाठ. उलटी काढायचा प्रयत्न घरी करू नकोस. पुडी, डबा, सहाण, जे हाताला लागेल ते बरोबर ने. 'काय चाटवलं?' या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर असलं पाहिजे.

बाकी मला एक हौस आहे. बाजारातलं वेखंड बरंचसं कर्नाटकातून येतं, तिकडे तुमकूर भागात भातासारखं चिखलात लावतात. पण तुझ्या बाळाच्या खुंटीला मला आपल्या आजीच्या घरचं हवंय. पन्हळ गेली, अळू गेलं, तरी मागच्या मोरीशी चार-पाच पाती अजून उभी आहेत, दिवाळीत पाहून आले. त्याला बियांची गरज नाही. डोळा असलेलं बोटभर कांड चिखलात आडवं दाबलं की महिनाभरात पात फुटते. ऊन थोडं चालतं, कोरडं मुळीच चालत नाही. वर्षभरात काढण्याजोगं होतं. तोवर बाळ उभं राहायला लागेल, तेव्हा कुंडी कठड्यापलीकडे उंच ठेवावी लागेल, ते आपण बघू.

शनिवारी मी गावाला जाते आहे. रविवारी दुपारी तुझ्याकडे येईन, ओल्या फडक्यात गुंडाळलेलं कांड घेऊन. तळाला भोक नसलेली एक पसरट कुंडी तेवढी आणून ठेव, आणि त्या डब्यातली गुटी मी येईपर्यंत उघडू नकोस.